खोट्याच्या दारातून शाळेत

दरवर्षी नवे कॅलेंडर भिंतीवर चढले की पुण्यात एक बाजार भरतो. त्याला गाळे नाहीत, पाट्या नाहीत. झेरॉक्सच्या दुकानात, सायबर कॅफेत, सेतू केंद्राच्या रांगेत आणि दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या टपरीवर तो चालतो. एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला कसा काढावा, ज्या गल्लीत आपण कधी राहिलो नाही तिथला भाडेकरार कोण करून देईल, अर्जातल्या नकाशावर घराची खूण शाळेच्या किती जवळ सरकवावी, हे सगळे इथे हलक्या आवाजात विचारले आणि सांगितले जाते. गिऱ्हाईक कोणी चोर-दरोडेखोर नसतात, आई-बाप असतात. आणि माल असतो सहा वर्षांच्या लेकराची पहिलीच्या वर्गातली एक जागा.

या आई-बापांना चार शब्द सुनवायचे आहेत, ते मी सुनावणारच. पण तेवढे करून मोकळे झालो तर तोही एक खोटेपणाच होईल. कारण या बाजारात सगळ्यात मोठे व्यापारी ते नव्हेत.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळेने आपल्या प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित गटांच्या मुलांना द्यायच्या, त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचे, आणि त्याचा खर्च सरकारने ठरलेल्या दराने शाळेला भरून द्यायचा, असे त्याचे बारावे कलम सांगते. शाळाचालक या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १२ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने कायदा उचलून धरला, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या. महाराष्ट्रात हे प्रवेश ऑनलाइन होतात आणि त्यांचा कारभार पुण्यातून, प्राथमिक शिक्षण संचालनालयातून हलतो. लोकांना कलमांशी देणेघेणे नाही. ते या सगळ्या प्रकाराला ‘आरटीई’ म्हणतात, आणि सोडतीच्या दिवसांत जनता वसाहतीपासून येरवड्यातल्या लक्ष्मीनगरपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : नंबर लागला का?

बहुतेकांचा लागत नाही. २०२५-२६ या वर्षासाठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज आले ३ लाख ५ हजारांहून जास्त. पुणे जिल्ह्यातून दरवर्षी राज्यात सर्वांत जास्त अर्ज येतात, आणि इथेही जागांच्या तिपटीहून जास्त अर्ज होते. म्हणजे हक्काच्या कायद्याखाली अर्ज केलेल्या दर तीन मुलांतली दोन मुले सोडतीत हरली. हक्काची सोडत काढावी लागते, हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की सोडतीच्या बातमीत आपण फक्त ‘संकेतस्थळ ठप्प’ एवढाच मथळा वाचतो आणि पान उलटतो.

अर्ज दिसायला साधा असतो. मोबाइल क्रमांक, ओटीपी, मुलाचे नाव, जन्मतारीख, कोणता गट. मग गुगलच्या नकाशावर आपल्या घरावर खूण ठेवायची. ती ठेवली की तिथून एक किलोमीटरच्या आतल्या, एक ते तीन किलोमीटरमधल्या आणि त्यापलीकडच्या शाळांच्या याद्या समोर येतात. त्यांतल्या जास्तीत जास्त दहा शाळा निवडायच्या. जवळच्या मुलाला आधी प्राधान्य. म्हणजे सगळा खेळ त्या खुणेवर आला. रस्त्यापलीकडच्या वस्तीतली खूण रस्त्याच्या अलीकडे आली की मूल वरच्या यादीत चढते. भोळ्या बापाने चुकून दुसऱ्या गल्लीवर ठेवली तर नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश रद्द होतो. निकालाचा मेसेज मोबाइलवर येतो, पण त्यावर विसंबून राहू नका, संकेतस्थळ पाहत राहा, असे सरकारी सूचनेतच लिहिलेले असते. ज्याचा रिचार्ज संपलेला आहे, ज्याने मधल्या काळात नंबर बदलला आहे, जो सकाळी सहाला बांधकामाच्या साइटवर जाऊन रात्री आठला परततो, त्याची प्रवेशाची मुदत टळून जाते आणि त्याला ते कळतही नाही.

हे तंत्राचे दोष झाले. तंत्र सुधारता येते. माझा आरोप वेगळा आहे. या अर्जाच्या प्रत्येक रकान्यात आपण सर्वांनी मिळून एकेक खोटे रचून ठेवले आहे, आणि लेकराला पाटी-पेन्सिल हातात देण्याआधी त्या खोट्याच्या दारातून आत ढकलले आहे.

सुरुवात सरकारपासून करतो, कारण पहिले खोटे सरकारचे आहे. आर्थिक दुर्बल घटकात बसायला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवे. गेली दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ हीच मर्यादा आहे. एक लाख भागिले बारा करून पाहा : महिना ८,३३३ रुपये. पुण्यासारख्या शहरात अकुशल मजुराचे कायद्याने ठरलेले किमान वेतनसुद्धा याहून जास्त आहे. आता या दोन कायद्यांची बेरीज करा. ज्या बापाला त्याचा मालक कायद्याप्रमाणे पगार देतो, त्याचे पोर दुर्बल घटकात बसत नाही. ज्याला मालक लुबाडतो, त्याचे बसते. बाणेरच्या एखाद्या सोसायटीत बाप वॉचमन आणि त्याच सोसायटीत आई चार घरची धुणीभांडी करणारी, अशा घराने खरे उत्पन्न सांगितले तर ते सरळ बाद. मग ते काय करतात? सगळे जे करतात तेच करतात. सेतूवाला विचारतो, “किती टाकू?” आणि आई म्हणते, “बसेल तेवढं टाका.” दाखला निघतो. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत ज्याच्या ज्याच्या हातून तो कागद जातो त्या प्रत्येकाला ठाऊक असते की पुण्यात चार माणसांचे घर ८,३३३ रुपयांत चालत नाही. तरी शिक्का बसतो, कारण शिक्का न मारला तर सगळी योजनाच उघडी पडेल. प्रामाणिक गरिबाला बाहेर ठेवणारी अट सरकारने घालायची, त्याला खोटे बोलायला लावायचे, आणि उद्या कोणी तक्रार केली तर त्याच्याच गळ्याला फास लावायचा. याला कल्याणकारी राज्य म्हणायची माझी तयारी नाही.

वंचित गटाला, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग मुलांना, उत्पन्नाची अट नाही. यावर सदाशिव पेठेपासून सिंहगड रोडपर्यंतच्या गप्पांत बरेच नाक मुरडले जाते. जातीचा घाव पगाराने भरत नाही, तेव्हा अट नाही हे योग्यच आहे. ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत त्याने सफाई कामगाराच्या मुलाशी एका जागेसाठी चढाओढ करावी का, हा प्रश्न त्या त्या समाजातल्या शिकल्या-सवरल्यांनी स्वतःला जरूर विचारावा. पण तो विचारण्याचा अधिकार, ज्यांनी कित्येक पिढ्या विद्या आपल्या वाड्याबाहेर जाऊ दिली नाही, त्यांना सगळ्यांत कमी आहे.

दुसरे खोटे पत्त्याचे आहे, आणि ते आपल्या मध्यमवर्गाचे आहे. भाड्याने राहणाऱ्याकडे दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला भाडेकरार असला पाहिजे, आणि तो अर्जाच्या आधीचा हवा. नियम ज्यासाठी केला ते कळते : लांबच्या माणसाने शाळेजवळचा खोटा पत्ता देऊ नये. प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. दांडेकर पुलाजवळच्या, काशेवाडीतल्या, ताडीवाला रोडवरच्या वस्तीत जो खरोखर दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, त्याला मालक करार देत नाही. भाडे रोख घेतो, पावती मागितली तर खोली खाली करायला सांगतो. वस्तीबाहेर, गुंठेवारीतल्या आणि जुन्या वाड्यांतल्या घरमालकांचे तरी वेगळे काय आहे? नोंदणी केली की उत्पन्न दिसते. स्वतः राहतो असे दाखवून मिळकतकरात मिळणारी ४० टक्क्यांची सवलत जाते. म्हणून भाडेकरू ‘पाहुणा’ ठरतो, आणि त्या पाहुण्याचे पोर पत्त्यावाचून राहते. उलट ज्याच्या स्वतःच्या मालकीचा फ्लॅट तीन किलोमीटरपलीकडे आहे, त्याला शाळेजवळच्या मेहुण्याच्या, मित्राच्या किंवा एजंटाच्या खोलीचा करार दोन दिवसांत नोंदवून मिळतो. त्याच्याजवळ शिक्का आहे, मुद्रांक आहे, दोन साक्षीदारही आहेत. खऱ्या भाडेकरूला अडवणारा आणि खोट्याला वाट करून देणारा नियम आपण पाळतो, आणि वर म्हणतो की प्रक्रिया पारदर्शक आहे.

हे मी हवेत बोलत नाही. बनावट कागदपत्रांवर आरटीईचा प्रवेश घेतला म्हणून पुण्याच्या परिसरात आणि नागपुरात पालकांवर पोलिसांत गुन्हे नोंदले गेले आहेत. ज्यांच्यावर गुन्हे नोंदले गेले ते सापडले म्हणून. न सापडलेले आपल्या इमारतीत राहतात, आपल्यासोबत गणपतीच्या आरतीला उभे असतात, आणि “आमचा आरटीईतून झाला बरं का, नशीब जोरावर,” असे सांगतात. आपण “अभिनंदन” म्हणतो. शेजाऱ्याने दुसऱ्याच्या घरातली सायकल उचलली तर आपण पोलिसाला बोलावू. त्याने वॉचमनच्या मुलाची आठ वर्षे उचलली तर आपण पेढा खातो. या पालकांना माझा एकच प्रश्न आहे. मूल मोठे होईल, कधीतरी कपाट आवरताना तो करार त्याच्या हाती लागेल, आणि ते विचारेल, बाबा, आपण या पत्त्यावर कधी राहत होतो? तेव्हा काय सांगणार? परिस्थिती होती म्हणणार? परिस्थिती तुमची नव्हती, ज्याची जागा गेली त्याची होती.

काही मुले तर खोटे बोलूनही आत येऊ शकत नाहीत. नवरा टाकून गेलेल्या बाईचेच घ्या. घटस्फोट झालेला असेल तर न्यायालयाचा निर्णय दाखवायचा. खटला चालू असेल तर तो दाखल केल्याचा पुरावा दाखवायचा. पण जो नुसताच निघून गेला, ज्याच्या मागे ना निर्णय ना खटला, त्याच्या बायकोने कोणता कागद न्यायचा? जातीचा दाखला बापाकडचा, आणि बाप कुठे आहे हे गावालाही ठाऊक नाही. दुसरे उदाहरण कलबुर्गीहून, महबूबनगरहून, बुंदेलखंडातून येऊन हिंजवडी-खराडीचे टॉवर उभे करणाऱ्यांचे. त्यांच्या राज्यातला जातीचा दाखला इथे चालत नाही, पत्ता म्हणजे बिल्डरने उभी केलेली पत्र्याची खोली, आणि इमारत पूर्ण झाली की तोही जातो. त्यांनी बांधलेल्या टॉवरच्या माहितीपत्रकात मात्र ‘नामांकित शाळा पाच मिनिटांवर’ असे छापलेले असते.

आता शाळांकडे वळू. त्या चालवणाऱ्या बहुतेक संस्था धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदवलेल्या असतात, आणि शिक्षणाच्या उदात्त हेतूची पाने त्यांच्या घटनेत असतात. मग ज्या ठिकाणी मुलामागे वर्षाला लाखाच्या वर फी घेतली जाते, तिथे पंचवीस टक्के गरीब मुलांचे नाव काढताच संस्थेचे धर्मादायपण कुठे जाते? शाळाचालकांची एक तक्रार खरी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे : सरकार मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती देण्याचे कबूल करते आणि ती वर्षानुवर्षे थकवते. कोरोनाच्या वर्षी तर हा दर ८,००० रुपयांवर आणला गेला होता. छोट्या शाळांचे, दहा-बारा शिक्षकांवर कशाबशा चालणाऱ्या शाळांचे यात हाल होतात. पण त्या छोट्या शाळेचे गाऱ्हाणे पुढे करून मोठ्या शाळा आपले फाटक बंद करतात, हेही तितकेच खरे. आणि थकलेल्या पैशाचा राग काढायचा कोणावर? मंत्रालयावर काढता येत नाही म्हणून सहा वर्षांच्या मुलावर?

तो कसा काढला जातो हे पालकांना विचारा. शिकवणी फुकट, पण सहल, स्नेहसंमेलन, ‘अ‍ॅक्टिव्हिटी’, गणवेशाचा विशिष्ट दुकानातला संच, हे सगळे वेगळे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात इतर आया वाढदिवसाच्या हॉलचे फोटो टाकतात, आणि एक आई गटात असूनही कधी काही बोलत नाही. त्यातून भर म्हणजे बहुतेक ठिकाणी हा प्रवेश पहिलीपासून मिळतो. ज्या शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग आहेत तिथे ही जागा तिथूनच द्यावी, असे कायदा म्हणतो. सरकार त्या वर्गांची प्रतिपूर्ती द्यायला तयार नाही. म्हणून फी भरणारी मुले तीन वर्षांची असल्यापासून इंग्रजीत ‘मे आय गो टू टॉयलेट’ म्हणत पहिलीत येतात, आणि वस्तीतले पोर सहाव्या वर्षी एकदम त्या वर्गात येऊन बसते. पहिल्या चाचणीत ते मागे पडले की बाईंना वाटते ‘आरटीईवाले’ असेच असतात. आणि ते पोर तगले, आठवी गाठली, तर नववीच्या दारात पूर्ण फीचा कागद उभा. चौदा वर्षांच्या मुलाला, आठ वर्षे ज्या वर्गात बसलास तो आता तुझा नाही, हे सांगायचे काम कायद्याने आई-बापांवर सोडले आहे.

या सगळ्यावर कडी २०२४ साली झाली. ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियम बदलला : ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांतून सूट. पुणे शहरात अशा किती खासगी शाळा उरतात ज्यांच्या एक किलोमीटरच्या परिघात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही? एका अधिसूचनेने सगळ्या बड्या शाळा मोकळ्या झाल्या. मग अर्ज मागवले गेले आणि नऊ लाखांच्या आसपास जागा उपलब्ध असल्याचे दाखवले गेले. त्या जागा कुठल्या? बहुतेक जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या. जिथे कोणतेही मूल कोणत्याही दिवशी, नकाशावर खूण न ठेवता, सोडत न काढता जाऊन बसू शकते, तिथल्या प्रवेशासाठी सरकार अर्ज भरून घेत होते! लोकांनी त्याला चोख उत्तर दिले. अर्ज एक लाखाच्याही आत राहिले. काही पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने मे महिन्यात बदलाला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्दच केला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. पण तोवर जून उजाडून गेला होता. नव्याने अर्ज, मग सोडत, निकाल जुलैच्या उत्तरार्धात. मुले शाळेत पोहोचली तेव्हा शाळा सुरू होऊन महिना उलटून गेला होता. इतके होऊनही कोणा अधिकाऱ्याला, कोणा मंत्र्याला त्याची किंमत मोजावी लागल्याचे आपण ऐकले का?

आणि पुणे तेव्हा काय करत होते? या शहराचा वारसा पाहता हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त बोचतो. याच शहरात बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असे त्यांनी इंग्रज सरकारला तोंडावर सांगितले, आणि बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. गोपाळ कृष्ण गोखले याच शहराचे. त्यांनी मार्च १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. महिना दहा रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या बापाकडून फी घेऊ नये, अशी त्यात तरतूद होती. शंभराहून अधिक वर्षे झाली. आजही आपण उत्पन्नाच्या आकड्याभोवतीच घुटमळतो आहोत. गोखल्यांचे ते विधेयक पुढच्याच वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. त्याला विरोध करणाऱ्यांत आपलेच जमीनदार होते. तोपर्यंत सयाजीराव महाराजांनी बडोद्यात शिक्षण सक्तीचे करून दाखवलेही होते, आणि शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात तेच केले. संस्थानाला जे परवडले ते साम्राज्याला परवडत नव्हते.

पुणेकरांनी या इतिहासाचा दुसरा भागही लक्षात ठेवावा. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेपुढे मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा मुलींनाही त्यात घ्यायचे की पैसे नाहीत म्हणून आधी मुलग्यांपुरते पाहायचे, यावर शहर दुभंगले. मुलींना मागे ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूला लोकमान्यांचे वजन होते. ‘पैसे नाहीत, आधी आपल्यांचे पाहू’ हा युक्तिवाद या शहराला नवा नाही. आज तो मुलींविरुद्ध कोणी करणार नाही. तो वस्तीतल्या मुलांविरुद्ध केला जातो, आणि करणारे तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या पुतळ्याला हारही घालून येतात.

१९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने शेजारशाळेची शिफारस केली होती. एका परिसरातली सगळी मुले, श्रीमंताची आणि गरिबाची, एकाच शाळेत जातील. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. त्यांनी उभी केलेली संस्था कोथरूडमध्ये आहे, तिथला रस्ता त्यांच्या नावाचा आहे. त्या रस्त्यावरून रोज सकाळी पिवळ्या बसगाड्या जातात, वेगवेगळ्या शाळांच्या, आणि प्रत्येक बसमध्ये एकाच थराची मुले बसलेली असतात. शेजारशाळा झाली असती तर अर्ज नको होता, खूण नको होती, सोडतही नको होती. ती झाली नाही याला सरकार जितके जबाबदार तितकेच आपणही, कारण महापालिकेची शाळा पहिल्यांदा सोडून गेलो ते आपण. ज्या शाळेत नगरसेवकाचा, डॉक्टरचा, संपादकाचा, त्याच शाळेतल्या शिक्षकाचाही मुलगा नाही, त्या शाळेचे गळके छप्पर कोण बघणार? अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारी नोकरांची मुले सरकारी शाळेत घाला, असा आदेश दिला होता. तो कागदावरच राहिला. इथल्या एखाद्या वर्तमानपत्राने, एखाद्या व्याख्यानमालेने, आपल्याकडे असे का होऊ नये, हा प्रश्न चार दिवस लावून धरल्याचे मला आठवत नाही.

आपल्या वर्गालाही अर्ज भरावाच लागतो, हे मला माहीत आहे. चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या शाळांचे अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतात, आई-बाप लॅपटॉपसमोर घड्याळ लावून बसतात. मुलाची आणि आई-बापांची चाळणी लावायला कायद्याने बंदी आहे, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे; म्हणून मुलाखतीला ‘इंटरॅक्शन’ म्हणतात आणि सगळे शहाण्यासारखे मान डोलावतात. घरात कोणती भाषा बोलता, वडील काय करतात, मोकळ्या वेळात काय वाचता, हे प्रश्न ज्या खोलीत विचारले जातात त्या खोलीत वॉचमनच्या मुलाला जागा मिळावी, अशी अपेक्षा आपण कोणाकडून करतो? त्या प्रश्नांची पाठ केलेली उत्तरे आपणच देऊन आलो आहोत.

“पण सरकारी शाळा सुधारली तरच काही होईल, आरटीई ही मलमपट्टी आहे,” असे विद्वान म्हणतात. बरोबर आहे. मात्र हे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले कुठे आहेत, हे विचारले की चर्चा थांबते. महापालिकेची शाळा सुधारेल तेव्हा सुधारेल. आज सहा वर्षांचे असलेले मूल तोवर सहाचेच राहणार नाही. पंचवीस टक्के जागा ही त्याच्या वाट्याला आलेली एवढीच फट आहे, आणि तीही आपण खोट्या करारांनी, खोट्या दाखल्यांनी आणि सोयीच्या मौनाने बुजवतो आहोत.

म्हणून वाचकहो, पुन्हा अर्ज सुरू होतील तेव्हा तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंना, सोसायटीच्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला विचारा की घरात या वर्षी पहिलीत जाणारे कोणी आहे का. त्यांच्याबरोबर अर्धा तास बसून अर्ज भरून द्या, नकाशावर त्यांचे घर नीट शोधा. तुमची खोली भाड्याने दिली असेल तर करार नोंदवून द्या, मिळकतकर वाढेल तेवढा वाढू द्या. एक लाखाची मर्यादा किमान वेतनाच्या वर न्या, हे आपल्या आमदाराला लेखी कळवा. आणि ज्यांच्या हाती खोट्या पत्त्यावर किंवा खोट्या उत्पन्नावर मिळालेले प्रवेशपत्र आहे, पण घरात फी भरण्याची ऐपतही आहे, त्यांनी ते पडताळणीआधी परत करावे. त्या जागेवर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावले जाते.